चौथ्या चंद्रावर कुत्रा नव्हता

एर्मिलो ओलगीन हा पाचुका शहराचा वजनमापांचा इन्स्पेक्टर. त्याच्याइतका काटेकोर माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही, आणि पाहायची हौसही नाही. त्याचं घर माझ्या दुकानाच्या बरोबर समोर. मी पास्ते विकते. बटाट्याचं आणि मांसाचं सारण भरून भाजलेली मोठी करंजी, खाणीतल्या माणसांचं जेवण. दुकानाच्या पाटीवर माझ्या नवऱ्याने हौसेने रंगवलं होतं, ‘एक नग दीडशे ग्रॅम’. रंगवून तो मोकळा झाला, निस्तरत बसले मी.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी एर्मिलो समोरचं दार उघडायचा, वाऱ्याने उडणारी टोपी एका हाताने दाबत रस्ता ओलांडायचा आणि जिच्या वेण्या लहानपणी त्याने ओढल्या त्या मला म्हणायचा, ‘नमस्कार सेन्योरा, तपासणी.’ एरवी मी कुका, तपासणीला सेन्योरा. एकदा एक नग एकशे पंचेचाळीस ग्रॅम भरला.

“पाच ग्रॅम,” तो म्हणाला.

“भट्टीत पाणी उडतं रे. भाजलं की उडणारच.”

“पाणी उडेल असं पाटीवर लिहिलेलं नाही, सेन्योरा.”

त्याने दारावर लाल चिठ्ठी डकवली. लाल चिठ्ठी म्हणजे पुढचा अख्खा दिवस दुकान बंद. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच दार वाजवत उभा, दोन पास्ते मिळतील का म्हणून. मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. त्याने ती नीट वाचली, जणू दुसऱ्या कुणी लावली होती, आणि उपाशी परत गेला. असा हा माणूस. आणि हाच माणूस छत्तीस वर्षं दर रविवारी आपल्या आईशी धडधडीत खोटं बोलत होता.

त्याचं असं झालं. एर्मिलो नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप सिमोन खाणीत दगावला. सिमोन भला माणूस. त्याचा आयुष्यात एकच हट्ट होता, एक कुत्रा पाळायचा. आणि एर्मिलोच्या आईचं, दोन्या तोमासाचं, एकच उत्तर होतं, माझ्या घरात कुत्रा येणार नाही. जिंकली ती. तो गेल्यावर ती दुसऱ्यांचे कपडे धुवायला लागली, आणि दर रविवारी दुपारी पोराला घेऊन सिने एस्मेराल्दात जायची. तेवढीच तिची चैन.

रविवारचे सिनेमे परदेशीच असायचे, आणि पडद्याच्या तळाशी आमच्या भाषेत ओळी यायच्या. निम्म्या थिएटरला वाचता येत नव्हतं. दोन्या तोमासालाही नाही. म्हणून प्रत्येक रांगेत शाळेत जाणारं एखादं पोर बसायचं आणि आपल्या माणसांना ओळी हळू आवाजात वाचून दाखवायचं. अख्खं थिएटर कुजबुजत असायचं, चर्चमध्ये जपमाळ चालल्यासारखं. मी त्यांच्या मागच्या रांगेत माझ्या आजीला वाचून दाखवत होते.

सिमोनला जाऊन दोन महिने झाले असतील. त्या रविवारी सिनेमात एक खलाशी होता आणि त्याची बायको. बायकोला पत्र येतं, ती काळे कपडे घालते, आणि खाली ओळ आली, ‘तो आता परत येणार नाही.’ सगळ्या रांगांतल्या पोरांनी ती वाचली. मी वाचली. एर्मिलो थांबला. मग त्याचा आवाज आला, “तो चंद्रावर गेलाय. तिथे त्याला काम लागलंय. काम संपलं की येईल.”

दोन्या तोमासाने विचारलं, मग ती रडते कशाला.

“चंद्रावर टपाल जात नाही म्हणून.”

तिला पटलं. निदान ती काही बोलली नाही.

एकदा केलं ते सुटलं नाही. दोन वकील अडीच तास कोर्टात भांडले. एर्मिलोने वाचलं ते दोन ग्रहांमधल्या हद्दीचं भांडण. एका राणीचं डोकं उडवलं. एर्मिलोच्या म्हणण्याप्रमाणे डोकं दुरुस्तीला पाठवलं होतं आणि पुढच्या आठवड्यात मिळणार होतं. पुढे त्याला मिशा आल्या, नोकरी लागली, मांडीवर सरकारी टोपी ठेवून तो आईशेजारी बसायला लागला, तरी वाचन चालूच. आजूबाजूच्या रांगांत लोक ढसाढसा रडत असायचे आणि दोन्या तोमासा मान हलवत असायची, कारण तिच्या सिनेमात नुसता धूमकेतू आलेला असायचा. मी मागे बसून सगळं ऐकायचे. एर्मिलोला कधी बोलले नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

बुधवारी एस्मेराल्दात बायकांना अर्धं तिकीट. बुधवारी दोन्या तोमासा माझ्याबरोबर यायची, तोच सिनेमा पुन्हा बघायला. मी बारा वर्षांची असल्यापासून हा शिरस्ता. पुढे माझ्या थोरलीच्या बाप्तिस्म्याला ती धर्ममाता झाली, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. तोच सिनेमा दुसऱ्यांदा कशाला, असं एर्मिलोने कधी विचारलं नाही. हुशार माणसांना साधे प्रश्न पडत नाहीत.

त्याने लग्न केलं नाही. पाण्याच्या टाकीमागच्या खोलीत बसून त्याने अकरा वर्षं एक कादंबरी लिहिली, ‘चौथ्या चंद्रावरचं दार’. आमच्याकडे कादंबऱ्या छापणारं कुणी नव्हतं, म्हणून ती लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे छापली. त्यामुळे मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात दोन कबुतरं होती. ती काढायला जास्त खर्च येतो, असं छापणारा म्हणाला.

ती संपूर्ण वाचलेली माणसं गावात दोन, एक तो आणि एक मी. कादंबरीत एका दूरच्या ग्रहाच्या चौथ्या चंद्रावर एक म्हातारी राहते. तिच्या घराचं दार सदा उघडं असतं. पृथ्वीवरून एक मोजणी अधिकारी जातो, चंद्राचं वजन करायला. म्हातारी कुणाची तरी वाट बघतेय एवढं त्याला कळतं. कुणाची, ते ती सांगत नाही. तो तिच्या शेजारी बसतो. तीनशे बारा पानं बसतो. शेवटच्या प्रकरणात दोघंही गप्प बसतात, म्हणजे आधीपेक्षा जास्त गप्प. दोनशेव्या पानावर वाऱ्याने ते दार जरासं हललं तेव्हा मी दचकले होते, इतकी त्या शांततेची सवय झाली होती. वाईट नव्हती कादंबरी. फक्त ती वाचताना पास्ते जळायचे नाहीत, एवढं खरं.

बाकी गावाने वाचली नाही याचं एर्मिलोला काही वाटलं नाही. पण आईला ती कळावी यासाठी त्याचा जीव तुटत होता. एकोणीस संध्याकाळी त्याने तिला ती वाचून दाखवायचा प्रयत्न केला. एकोणीस वेळा ती तिसऱ्या पानावर झोपली. मी खिडकीतून ऐकलंय. स्वल्पविरामाला थांबून, एक शब्द इकडचा तिकडे न करता, सरकारी परिपत्रक वाचावं तसं वाचायचा. छापलेलं म्हणजे त्याच्या लेखी शिक्का मारलेलं वजन. ती घोरायला लागली की पुस्तक मिटायचा आणि तिच्या पायांवर शाल घालायचा. एकदा मला म्हणाला, “मी त्या खोलीत अकरा वर्षं काय केलं, ते ही न कळताच जाणार, कुका.” मला वाईट वाटलं. मी वीस प्रती विकत घेतल्या आणि दुकानात गल्ल्याशेजारी ठेवल्या.

तिथूनच घोळ सुरू झाला. राजधानीतून सेन्योर पिमेंतेल नावाचा एक सिनेमावाला आमच्या भागात जागा बघायला आला होता. पास्ते गरम होईपर्यंत त्याने कबुतरांचं पुस्तक उचललं, मागचा मजकूर वाचला आणि विचारलं, यात चंद्र आहे का. मी म्हटलं, चौथा आहे. तो म्हणाला, चौथा तर चौथा. त्याच्याकडे आधीच्या सिनेमाचा चंद्र तयार पडून होता आणि गोष्ट नव्हती. मी त्याला समोरचं दार दाखवलं. माझी चूक, मान्य आहे.

एर्मिलोने एकच अट घातली. शेवटच्या प्रकरणातली शांतता सिनेमात पूर्ण एक मिनिट पाहिजे, साठ सेकंद. पिमेंतेल हसला आणि करारात लिहून सही केली.

त्या दिवशी एर्मिलो रस्ता ओलांडून आला तो टोपी न दाबता. टोपी उडून चौकात गेली तरी त्याला पत्ता नाही. “सिनेमा आपल्या भाषेत आहे, कुका. खाली ओळी नाहीत. आई स्वतःच्या कानांनी ऐकेल. झोपणार नाही, सिनेमाला ती कधी झोपत नाही.” पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, पण नाचायचाच बाकी होता.

चित्रीकरण बघायला आम्ही दोघं बसने राजधानीत गेलो. पिमेंतेलने मंडळींसाठी साठ पास्ते मागवले होते, म्हणून मी. तिथे चंद्र होता. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीभर चिकटवून वर चंदेरी रंग मारलेला. त्या चंद्रावर तांबडा मुखवटा घातलेला एक पैलवान उठाबशा काढत होता. लाल निवडुंग त्याचं नाव. मुखवट्यावर काट्यांच्या जागी दात कोरायच्या काड्या लावलेल्या. फार सालस माणूस. मुखवटा नाकापर्यंत वर करून त्याने सहा पास्ते खाल्ले आणि प्रत्येक पास्त्यामागे आभार मानले. हाच मोजणी अधिकारी, असं आम्हाला कळलं.

एर्मिलोने पिमेंतेलला विचारलं, म्हातारी कुठे आहे. पिमेंतेलने चंदेरी पोहण्याचा पोशाख घातलेल्या एका पोरीकडे बोट दाखवलं.

“ही बावीसची असेल,” एर्मिलो म्हणाला.

“चंद्रावर वय हळू वाढतं. तुमच्याच पुस्तकात आहे.”

“माझ्या पुस्तकात नाही.”

“मग असायला हवं होतं.”

एर्मिलोने मग दाराचं विचारलं. दार आहे, पिमेंतेल म्हणाला, लाल निवडुंग ते फोडून आत येतो. तीनदा फोडतो. त्या स्टुडिओला म्हणे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडेच करायची मुभा होती, म्हणून सगळे सिनेमे तीन तुकड्यांत करून मग जोडायचे. प्रत्येक तुकड्याला मारामारी आणि प्रत्येक तुकड्याला शेवट. कारण मला विचारू नका, युनियनचं काहीतरी होतं.

“पण ते दार उघडंच असतं,” एर्मिलो म्हणाला. “सगळी कादंबरी त्यावर आहे.”

“उघडं दार फोडणार कसं, महाराज?”

एर्मिलोने माझ्याकडे बघितलं. मी पास्त्यांची टोपली आवरायला घेतली.

शेवटी त्याने करार काढला. साठ सेकंद. पिमेंतेलने कपाळावर हात मारला. पडद्यावर दहा सेकंद कुणी बोललं नाही तर लोकांना मशीन बिघडलं असं वाटतं, हे त्याने परोपरीने सांगितलं. एर्मिलोने खिशातून घड्याळ काढलं. मग लाल निवडुंग आणि ती चंदेरी पोरगी पुठ्ठ्याच्या दगडावर शेजारी शेजारी बसली आणि गप्प राहिली. पहिल्यांदा चोपन्न सेकंद झाले. एर्मिलोने पुन्हा करायला लावलं. सहा सेकंद कमी म्हणजे दहा टक्के, असं तो म्हणाला. सगळी मंडळी त्याच्याकडे बघत होती, आणि मी दुसरीकडे.

परतीच्या बसमध्ये त्याने कराराची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, “ती हे स्वतः ऐकणार.” तोवर त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. छत्तीस वर्षं पडद्यावर काहीही असो, आईच्या कानात काय जायचं ते त्याच्या हातात होतं. आणि नेमका त्याचा स्वतःचा सिनेमा आमच्या भाषेत, खणखणीत आवाजात, खाली एकही ओळ नसलेला. अकरा वर्षांचं काम आई एकदाच ऐकणार, आणि ते असं.

त्याने होईल तेवढं केलं. एस्मेराल्दाचा प्रोजेक्टरवाला नाबोर, त्याला आवाज बारीक ठेवशील का असं विचारलं. नाबोर म्हणाला, पैलवानाचा सिनेमा आणि बारीक आवाज, मला जिवंत राहायचंय. आईला सांगितलं की सिनेमा पुढे ढकललाय. पण माझ्या दुकानाच्या भिंतीवरच पोस्टर लागलं, ‘लाल निवडुंग आणि चंद्रावरच्या पैलवानिणी’. दोन्या तोमासाला अक्षरं कळत नसली तरी चित्रं कळतात. तिने ती चंदेरी पोरगी बघून विचारलं, ही कोण.

“ती दारात बसणारी म्हातारी,” एर्मिलो म्हणाला. खोटं तर तो बोलत नव्हता.

दोन्या तोमासाने पोस्टर पुन्हा निरखलं. “बरी राहिलीय,” ती म्हणाली.

रविवारी दुपारी चारला पहिला खेळ. नगरपालिकेचा बँड आला, सगळी गल्ली आली, लग्नपत्रिका छापणारा सूट घालून आला. पुढून पाचव्या रांगेत मधोमध दोन्या तोमासा, तिच्या डाव्या बाजूला एर्मिलो, उजव्या बाजूला मी. तिने मांडीवर भोपळ्याच्या बियांची पुडी ठेवली होती. एर्मिलोच्या मांडीवर टोपी होती आणि तो तिचा काठ पिळत होता. दिवे गेले. पडद्यावर त्याचं नाव आलं, ‘एर्मिलो ओलगीन यांच्या कादंबरीवरून’, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कोमाद्रेला सांगितलं की हे तुझ्या पोराचं नाव. तिने बियांची पुडी खाली ठेवून टाळी वाजवली. एर्मिलोने डोळे मिटून घेतले.

पुढचं काय सांगू. लाल निवडुंगाने दार फोडलं. आत अकरा बायका होत्या, सगळ्या चंदेरी, सगळ्या कुस्तीगीर. एक शास्त्रज्ञ होता, तो माकडाच्या अंगात बैलाचा मेंदू घालत होता. का, ते त्यालाही माहीत नसावं. एक गाणं झालं. पहिला शेवट झाला. लाल निवडुंगाने पुन्हा दार फोडलं. दोन्या तोमासा खुर्चीच्या कडेवर आली होती आणि लाल निवडुंगाला मागे बघ, मागे बघ, असं बजावत होती. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच तिला मध्यस्थ लागत नव्हता. मी वाकून एर्मिलोकडे बघितलं. तो खुर्चीत इतका खाली घसरला होता की फक्त टोपी दिसत होती.

तिसऱ्यांदा दार फुटलं, बैलाच्या मेंदूचं माकड चीत झालं, आणि लाल निवडुंग आणि ती पोरगी दगडावर बसली. आवाज थांबला.

पाच सेकंद गेले. दहा गेले. मागून पहिली हाक आली, “काकारो.” चित्र हललं, आवाज गेला, काही बिघडलं की आमच्याकडे अख्खं थिएटर मागे वळून प्रोजेक्टरवाल्याला याच नावाने हाका मारतं. मग सगळ्या रांगांतून काकारो, काकारो सुरू झालं, पाय आपटणं सुरू झालं, शिट्ट्या झाल्या. प्रोजेक्टरच्या भोकातून नाबोरचं डोकं बाहेर आलं आणि तो ओरडायला लागला की मशीन ठीक आहे, हे लोकच बोलत नाहीयेत. त्याचं कोण ऐकतो. आणि पडद्यावर ती दोघं बसली होती, न बोलता, साठ सेकंद मोजून. एर्मिलोच्या कादंबरीतलं एवढंच शिल्लक होतं आणि त्यावर गाव पाय आपटत होतं. मला त्याच्याकडे बघवेना.

दोन्या तोमासाने मात्र हाक मारली नाही. ती पडद्याकडे बघत होती. तिने कोपराने एर्मिलोला ढोसलं.

“वाच.”

“आई, हा आपल्या भाषेतला आहे. खाली काही लिहिलेलं नाही.”

“तू वाचायचास ते तरी कधी लिहिलेलं होतं? वाच.”

एर्मिलो सरळ झाला. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्यावरून माझ्याकडे, आणि मी बियांच्या पुडीत बघायला लागले. छत्तीस वर्षं दर बुधवारी मी तिला त्याच सिनेमाच्या खऱ्या ओळी वाचून दाखवत होते. पहिल्याच बुधवारी तिने मला तो खलाशाचा सिनेमा दाखवून विचारलं होतं, इथे खरं काय लिहिलंय. मी बारा वर्षांची, मी खरं वाचलं. ती म्हणाली, त्याला सांगू नकोस, त्याचं जास्त बरं आहे. दर रविवारी ती त्याचा सिनेमा ऐकायची आणि बुधवारी माझ्याकडून ताडून बघायची, त्याने काय काय बदललं ते. आणि कधी हसायची, कधी रुमाल काढायची.

“ही दोघं काय बोलत नाहीयेत, ते सांग,” ती म्हणाली.

मग एर्मिलोने सांगितलं. पुस्तकातलं पाठ केलेलं नाही, त्या जुन्या आवाजात, कानाशी वाकून. ही पोरगी नाही, आई, ही म्हातारी आहे, इथे वय दिसत नाही. हिचं दार फुटलेलं नाही, उघडं आहे, रोज उघडं असतं. ही एकाची वाट बघतेय. पुढच्या रांगेतल्या एका बाईने वळून त्याला गप्प करायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मागचे दोघं पुढे वाकले. तेवढ्या चार रांगांत काकारो थांबलं. एर्मिलो सांगत होता, तो माणूस लांबच्या चंद्रावर कामाला गेला होता, टपाल येत नाही तिथून, म्हणून हिला काही कळलं नाही.

“काम संपलं का त्याचं?” दोन्या तोमासाने विचारलं.

एर्मिलोने पडद्याकडे बघितलं. साठातले थोडेच सेकंद उरले असतील.

“संपलं, आई. येतोय तो. बघ, दगडाच्या मागून येतोय. चालत येतोय, आणि त्याच्याबरोबर कुत्रा आहे.”

“कुत्रा?” ती म्हणाली. “बाहेर बांधायचा.” आणि तिने रुमाल काढला.

तेवढ्यात साठ सेकंद संपले, अकरा चंदेरी बायका दगडामागून धावत आल्या आणि लाल निवडुंगाने त्यांतल्या दोघींना एकदम उचललं. दोन्या तोमासाने रुमाल ठेवला आणि पुन्हा त्याला मागे बघायला सांगायला लागली. एर्मिलो मात्र शेवटपर्यंत तसाच ताठ बसून होता, गाल ओले, आणि तोंडावर असं हसू की बँडवाल्यांना वाटलं याला सिनेमा फारच आवडला.

दोन दिवसांनी महिन्याचा पहिला मंगळवार होता. तो आला, टोपी दाबत. “नमस्कार सेन्योरा, तपासणी.” मी एक नग तराजूत ठेवला आणि म्हटलं, “इन्स्पेक्टरसाहेब, मी तुमचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय. त्यात कुणी येत नाही. आणि कुत्रा तर नाहीच नाही.”

तो काटा बघत होता. काटा एकशे पंचेचाळीसवर थांबला.

“गोष्टीत चालतं, सेन्योरा,” तो म्हणाला. “पास्त्यात नाही.” आणि त्याने लाल चिठ्ठी डकवली.

त्यामुळे बुधवारी दुकान बंद होतं आणि मला कोमाद्रेला घेऊन निवांत एस्मेराल्दात जाता आलं. तिसऱ्यांदा दार फुटलं, ती दोघं दगडावर बसली, आणि लोक काकारो करायला लागले. दोन्या तोमासा माझ्या कानाशी आली.

“इथे खरं काय आहे?”

“काही नाही, कोमाद्रे. दोघं नुसती बसलीत. कुणी येत नाही.”

“मला वाटलंच, तो कुत्रा त्याने घातला असणार,” ती म्हणाली. मग पडद्यावरच्या त्या दगडाकडे बघत म्हणाली, “राहू दे त्याला घरात. एवढ्या लांबून आलाय.”